टायटॅनिकचे व्हायोलिन : खरे कशावरून?

जुन्या प्रवासी आगबोटींवरच्या वस्तू जमवणारे हौशी संग्राहक जगभर आहेत. मेनूकार्डे, चिनी मातीच्या बश्या, डेकवरच्या खुर्च्या यांना मोठी मागणी असते. मागणी आली की नकलाही येतात. मग वस्तू खरी हे ठरवायचे कसे?

'टायटॅनिक' १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाली. बोटीवरचे आठही वादक तिच्याबरोबर गेले. त्यांचा प्रमुख वॉलेस हार्टली याचा मृतदेह काही दिवसांनी 'मॅके-बेनेट' या जहाजाला सापडला. पुढे २००६ मध्ये इंग्लंडात एक व्हायोलिन उजेडात आले. त्यावरील चांदीच्या पट्टीवर, वॉलेसला साखरपुड्यानिमित्त मारियाकडून भेट, अशा अर्थाचा मजकूर होता. मारिया रॉबिन्सन ही त्याची वाग्दत्त वधू. पण पट्टी काय, कोणीही कोरून घेईल! शिवाय मृतदेहाजवळच्या वस्तूंच्या यादीत व्हायोलिनचा उल्लेख नव्हता.

तपासाला सुमारे सात वर्षे लागली. धातूच्या भागांवरील गंज खाऱ्या पाण्यात बुडाल्याशी जुळणारा निघाला. कोरीवकाम त्याच काळातले ठरले. पण पाण्यात व्हायोलिनचे सांधे सुटले कसे नाहीत? व्हायोलिन जोडतात प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने. हा सरस गरम पाण्यात विरघळतो. गार पाण्यात तो फुगतो, पण सहसा विरघळत नाही. त्या रात्री समुद्राचे पाणी उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. शिवाय व्हायोलिन चामडी पेटीत असल्याचे सांगितले गेले.

तरीही यावरून एवढेच कळते, की हे व्हायोलिन समुद्रात पडले असावे. कोणत्या बोटीवरून, ते गंज सांगत नाही. तिथे कागद कामी आला. मारियाच्या रोजनिशीत १९ जुलै १९१२ या तारखेचा एका तारेचा मसुदा मिळाला. व्हायोलिन परत पाठवल्याबद्दल तिने कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या अधिकाऱ्याचे आभार मानले होते. १९३९ मध्ये ती वारल्यावर व्हायोलिन साल्व्हेशन आर्मीकडे व पुढे एका संगीतशिक्षकाकडे गेल्याचाही माग लागला.

१९ ऑक्टोबर २०१३ रोजी विल्टशायरमधील डिव्हायझेस येथील लिलावात त्यावर ९ लाख पौंडांची बोली लागली. काहींच्या शंका मात्र आजही फिटलेल्या नाहीत. यादीतली ती उणीव अजून तशीच आहे.

विद्यार्थ्यांना घरातली एखादी जुनी वस्तू, घड्याळ किंवा तांब्या, वर्गात आणायला सांगावे आणि विचारावे : हे पणजोबांचेच कशावरून? उत्तर शोधताना इतिहास आणि रसायनशास्त्र दोन्ही लागतील.