ऑइलच्या बोल्टाचे आटे: धाराशिव जिल्ह्यातील दुचाकी-दुरुस्तीच्या इतिहासातील एक प्रकरण

मोटारसायकलच्या इंजिनातले जुने तेल खाली सोडण्यासाठी तळाशी जो बोल्ट बसवलेला असतो, त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु धाराशिव जिल्ह्यात या बोल्टाची तक्रार केव्हा वाढली आणि ती निस्तरण्याची हातोटी कोठून आली, याचा माग घेतला असता एका प्रदेशाच्या यंत्रकौशल्याची जडणघडण बरीचशी उलगडते. आटे म्हणजे बोल्टावर बाहेरून आणि त्याच्या भोकात आतून कापलेली, फिरत जाणारी खाच. ही खाच झिजली किंवा उपटून आली की ‘आटे गेले’ असे म्हणतात. मग बोल्ट नुसता गरगर फिरतो, पण बाहेर येत नाही. दुसऱ्या प्रकारात आटे शाबूत राहतात, पण बोल्टाच्या षट्कोनी डोक्याचे कोपरे झिजून ते गोल होते आणि पाना सटकतो.

निजामाच्या राज्यात असलेल्या या जिल्ह्यात यंत्रांशी जवळीक असणारा कारागीर तुलनेने उशिरा घडला. निजामाच्या रेल्वेखात्याने 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली. त्याआधीच बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग तडवळ्यावरून 1911 मध्ये लातूरला पोहोचला होता, मात्र जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वेस्थानक मिळाले ते या मार्गाचे रुंदीकरण झाल्यावर, म्हणजे एकविसाव्या शतकात. त्यामुळे सुतारकाम-लोहारकामाच्या पलीकडची कामे, विशेषतः लेथवरची, सोलापूर-बार्शीकडे वळत राहिली. सोलापुरात 1877 पासून कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना होता, म्हणून टर्नर आणि फिटर यांची परंपरा तिकडे आधी रुजली. ग्रामीण भागात मात्र यंत्राची खरी शाळा म्हणजे विहिरीवरचे आणि पिठाच्या गिरणीतले तेलइंजिन. सातारच्या कूपरची आणि पुण्याच्या किर्लोस्करांची ही इंजिने जाड बिडाची असत. त्यांचे बोल्ट मोठे, आटे रुंद, आणि पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावला तरी ते सहसा दगा देत नसत. या बिडावर तयार झालेला हातच पुढे दुचाकीकडे वळला, ही बाब पुढील सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

दुचाकीही प्रथम आली ती अशा हाताला फारसा त्रास न देणारी. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियुरची बुलेट वगळली, तर म्हैसूरची जावा, फरिदाबादची राजदूत, पुण्याची लूना आणि बजाजच्या स्कूटरी ही सगळी टू-स्ट्रोक यंत्रे होती. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि ते जळून जाते, म्हणून सोडायचे तेल फक्त गिअरबॉक्समध्ये उरते आणि तेही क्वचितच बदलावे लागते. बोल्ट वर्षानुवर्षे जागचा हलत नसे.

हे चित्र 1985 नंतर पालटले. त्या वर्षी बाजारात आलेली हिरो होंडाची सीडी 100 आणि पुढे 1994 ची स्प्लेंडर ही फोर-स्ट्रोक यंत्रे होती. त्यांच्या पोटात एक लिटरहून थोडे कमी तेल फिरते आणि ते दर काही हजार किलोमीटरला बदलावेच लागते. पोलादी बोल्ट आता वारंवार उघडला जाऊ लागला, आणि तोही ॲल्युमिनियमच्या केसमधून, ज्याचे आटे पोलादाच्या मानाने मऊ असतात. त्यात पान्यांचा घोळ होता. जुन्या पेट्यांतले पाने इंचाच्या, म्हणजे सुताच्या मापाचे होते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि नवा बोल्ट होता सतरा मिलिमीटरचा; साडेपाच सुती पाना त्याच्यावर सुमारे अर्धा मिलिमीटर सैल बसतो आणि कोपरे खातो. सर्वांत मोठा दोष मात्र वायसरचा मानावा लागेल. बोल्टाखालचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर एकदा दाबले गेले की चपटते, म्हणून प्रत्येक वेळी नवे टाकणे अपेक्षित असते. काही रुपयांचे ते वायसर न बदलल्याने तेल पाझरे, पाझर थांबवण्यासाठी बोल्ट आणखी आवळला जाई, आणि बिडाची सवय असलेल्या त्या जोरापुढे ॲल्युमिनियम हार खाई.

असा बोल्ट काढण्याची रीत ठरलेल्या क्रमाने चालते, आणि तो क्रम कारणावाचून नाही. आधी इंजिन थोडा वेळ चालवून गरम करतात, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पकड ढिली होते. डोके थोडेच गोल झाले असेल, तर समोरासमोरच्या दोन बाजू कानसीने सपाट करून सोळा-सतराच्या दुतोंडी पान्याचे सोळाचे तोंड लावतात, किंवा सोळाचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवतात. तेही न जमल्यास छन्नीची धार डोक्याच्या कडेला तिरपी धरून, बोल्ट उलटा फिरेल अशा दिशेने लहान लहान ठोके देतात. ठोका जोरात बसला तर केसच तडकते, म्हणून येथे कसब हात आवरण्यात आहे. शेवटचा मार्ग म्हणजे डोक्यावर दुसरा नट वेल्डिंगने चिकटवणे, ज्यात पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगची उष्णता बोल्ट सैल करते. आटेच गेले असतील, तर डोक्याखाली पेचकसाचे टोक घालून बोल्ट बाहेरच्या बाजूला रेटत फिरवावा लागतो, आणि तो निघतो तेव्हा त्याच्या खाचांत केसचे आटे स्प्रिंगसारखे वेटोळे होऊन, चकचकीत, गुंडाळून आलेले दिसतात.

बोल्ट निघाला तरी भोक निकामीच राहते. पाझर एम-सीलने बुजवणे ही तात्पुरती सोय, आणि पुढच्या वेळी तेल सोडताना ती अंगाशी येते. भोक मोठे करून टॅपने नवे आटे पाडणे आणि जाड बोल्ट घालणे हा दुसरा उपाय, पण केसची भिंत पातळ असल्याने तो एखाद्या वेळेपुरताच चालतो. टिकाऊ काम म्हणजे बुश मारणे: लेथवर पोलादाची आतून-बाहेरून आटे असलेली नळी तयार करून ती मोठ्या केलेल्या भोकात घट्ट बसवायची आणि तिच्या आत मूळ मापाचाच बोल्ट लावायचा. या कामात गिरणी आणि रेल्वे यांच्या आश्रयाने वाढलेली टर्नरची विद्या दुचाकीच्या कामी आली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियमांची इंजेक्शनची इंजिने आली तरी त्यांचे तेलही तळाच्या बोल्टातूनच सुटते, त्यामुळे ही कला कालबाह्य झालेली नाही. बुश बसवलेल्या केसमध्ये तर बोल्ट ॲल्युमिनियमशी नव्हे, पोलादाशीच गुंततो, आणि जोराच्या हातालाही ते आटे कंपनीतून आलेल्या मूळ आट्यांपेक्षा अधिक काळ साथ देतात.