एकचक्रेचा भीम आणि संपादकाची कात्री

एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी खानदेशात श्रद्धा आहे. गावात पांडववाडा दाखवतात आणि बकासुराचा वध जवळच्या पद्मालयाच्या रानात झाला असे सांगतात. (असा मान सांगणारी गावे देशात इतरत्रही आहेत, ते असो.)

अनेक नायकांच्या कथेत काय ठेवावे आणि काय वगळावे, हा प्रश्न २०२१ साली चित्रपटरसिकांपुढे ठळकपणे आला. ‘जस्टिस लीग’ हा २०१७ चा महानायकपट झॅक स्नायडरने अर्ध्यावर सोडला होता व जॉस व्हेडनने तो दोन तासांत बसवला होता. चार वर्षांनी स्नायडरची चार तासांची प्रत आली. ती सरस ठरली ती लांबीमुळे नव्हे. कात्रीत गेलेली सायबॉर्ग आणि त्याच्या वडिलांची कथा परतली आणि तीच साऱ्याचा कणा झाली.

महाभारताला असा हयात दिग्दर्शक नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचा संकल्प केला; १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. काश्मीर आणि केरळ यांसारख्या दूरच्या परंपरांतील पोथ्या जेथे एकमेकींशी जुळतात तो पाठ जुना, ही त्यांची मुख्य कसोटी. काम १९६६ मध्ये पुरे झाले. सुकथनकर १९४३ मध्येच वारले होते.

येथे सुधारणा घडली ती वगळण्याने. सतराव्या शतकातील नीळकंठ चतुर्धरांच्या प्रचलित पाठात, स्वयंवरात कर्ण धनुष्य सज्ज करतो आणि ‘सूताला वरणार नाही’ असे द्रौपदी बजावते. चिकित्सक संहितेत हा नकार नाही. धनुष्य न पेललेल्या राजांत कर्णाची गणना होते. कर्णाची आपल्याकडील लोकप्रिय प्रतिमा बरीचशी त्या एका अपमानावर उभी आहे. तो गेला की द्यूतसभेतील कर्णाच्या शब्दांना जुन्या सूडाची सबब उरत नाही आणि द्रौपदीवर कोणताही पूर्वापराध राहत नाही. माझ्या मते यात दोघेही मोठे होतात. कर्णसुद्धा, कारण आपल्या दुष्कृत्याचे उत्तर त्याला स्वतःच द्यावे लागते. नाट्य मात्र उणावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय पिढ्यानपिढ्या कीर्तनांतून ऐकलेले ते वाक्य हाही इतिहासच आहे. म्हणूनच संपादकांनी वगळलेले पाठ फेकले नाहीत, तळटिपांत आणि परिशिष्टांत जपले.

एरंडोलकरांचा भीम मूळ संहितेत शाबूत आहे. बकवधाचे पर्व तेथे आहेच. पद्मालयाला उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्ती एकाच गाभाऱ्यात पुजल्या जातात. त्या गणेशाने व्यासांचा लेखनिक होऊन भारत लिहून घेतले, ती कथा मात्र परिशिष्टात गेली.