कुत्र्यांमधला हार्टवर्म: हत्तीरोगाच्या गोळ्या कुत्र्याला का देऊ नयेत?

मौदा तालुका म्हणजे कन्हान नदी, धानाच्या बांध्या आणि पावसाळाभर डास. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे. त्यावरच्या तीन औषधांच्या मोहिमेसाठी देशात सुरुवातीला जे मोजके जिल्हे निवडले, त्यात नागपूर होता. त्यामुळे डीईसीची गोळी इथे घरोघरी माहीत आहे. कुत्र्यालाही डासातून 'तसाच' जंत होतो हे कळल्यावर उरलेली गोळी त्याला द्यावी, असे कुणाच्याही मनात येईल. ते जिवावर बेतू शकते.

हार्टवर्म म्हणजे हृदयकृमी, शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस. हत्तीरोगाचा जंत वेगळा, वुचेरेरिया. दोघे एकाच कुळातले, पण हार्टवर्ममुळे माणसाला हत्तीरोग होत नाही.

बाधित कुत्र्याचे रक्त पिताना डासाच्या पोटात सूक्ष्म अळ्या जातात. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत त्या तयार होतात आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्या कुत्र्यात शिरतात. सुमारे सहा महिन्यांनी जंत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पोहोचून प्रौढ होतात. मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, शेवयांसारखी. आयुष्य पाच ते सात वर्षे. सुरुवातीला कुत्रा ठणठणीत दिसतो. मग कोरडा खोकला, थोडे पळून दम लागणे, वजन घटणे आणि शेवटी पोटात पाणी.

भारतात हृदयकृमीच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडच्या आहेत. इतरत्र जास्त आढळतो तो त्याचा भाऊबंद, कातडीखाली राहणारा डायरोफायलेरिया रेपेन्स. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबई आणि दिल्लीच्या कुत्र्यांत तो सापडला, हृदयकृमी मात्र सापडला नाही. रेपेन्स कुत्र्याला फारसा छळत नाही. पण डासामार्फत कधीकधी माणसाच्या कातडीखाली किंवा डोळ्यात येतो. तेव्हा डॉक्टर तो काढून टाकतात. तिसरा एक प्रकार पिसवांतून पसरतो आणि सहसा निरुपद्रवी असतो.

म्हणूनच रक्तात अळ्या दिसल्या म्हणजे हार्टवर्मच, असे नाही. जात ओळखावी लागते. हृदयकृमीसाठी अँटिजेन चाचणी असते. ती संसर्गानंतर सहा-सात महिन्यांपर्यंत निगेटिव्ह येऊ शकते.

आता गोळीचा प्रश्न. हृदयकृमीच्या अळ्या रक्तात असलेल्या कुत्र्याला डीईसी दिली, तर काही वेळातच तो शॉकमध्ये जाऊन दगावू शकतो. आयव्हरमेक्टिनचेही तसेच: कुत्र्याला लागणारा डोस माणसाच्या डोसच्या मानाने अगदी थोडा असतो आणि कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना जास्त मात्रा सोसत नाही. प्रौढ जंतांवर मेलार्सोमिनची इंजेक्शने, सोबत डॉक्सिसायक्लिन आणि कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती असा उपचार होतो, कारण मेलेले जंत फुप्फुसात अडकतात.

नेहमीचे जंताचे औषध पोटातल्या जंतांसाठी असते. हार्टवर्म त्याने टळत नाही. प्रतिबंधाची गोळी महिन्यातून एकदा, वजनाप्रमाणे आणि आधी रक्त तपासूनच. तपासणी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावी.