मोडीचा वेग आणि वाचकाचे श्रम

लिहिणाराची सोय आणि वाचणाराची सोय यांचा झगडा आपल्याकडे फार जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्याशीं परंपरा जिचें नातें जोडते, ती मोडी लिपि त्याचें उत्तम उदाहरण होय. आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची, मग लेखणी शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें जोडीत जावयाचें; ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, दोन शब्दांत बहुधा अंतर नाहीं. त्यामुळें कारकुनाचा हात झपाट्यानें चाले. परंतु त्यानें वांचविलेले श्रम नाहींसे झाले नाहींत. ते पुढें कागद वाचणाराच्या माथीं आले.

हें आमच्या जालना जिल्ह्यानें अलीकडेच अनुभविलें. अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर २०२३ च्या सप्टेंबरांत सेवानिवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि मराठवाड्याच्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू कागदांबरोबर मोडी कागदही चाळावे लागले. एका ओळीवर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून, आणि ती ओळ वाचूं शकणारे मात्र मोजके!

यावर तोड पूर्वीं निघालेली आहे. पेशवे दप्तरांतील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत छापून निघाले. जाणकारांनीं एकदां डोळे शिणविले. पुढें मोडी न येणाराही ते बालबोध अक्षरांत वाचूं लागला.

संगणकाच्या दप्तरालाही हाच हिशेब लागू पडतो. पायथन ही १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेली भाषा लिहिण्यास सोपी. परंतु यंत्राला तिच्या आज्ञा चालतेवेळीं एक दुभाष्या पायरीपायरीनें समजावून देतो. सी या जुन्या भाषेंतील मजकुराचें यंत्रभाषेंत आधींच रूपांतर होतें. ती वेगवान, पण लिहिणाराला फार दक्ष रहावें लागतें. २००८ च्या डिसेंबरांत पायथनची तिसरी आवृत्ति निघाली, तेव्हां फाइली उघडण्याचें व वाचण्याचें तिचें साहित्य बहुतांशीं पायथनमध्येंच लिहिलेलें होतें. फाइलींतील मजकूर थोडा थोडा आणून सांठविणें, त्याचीं अक्षरें करणें, ओळी वेगळ्या काढणें, या प्रत्येक कामांत दुभाष्या मध्यें उभा! साऱ्या कामाचा तेथें खोळंबा होऊं लागला. म्हणून २००९ च्या जूनमधील ३.१ आवृत्तींत तें सर्व साहित्य सी भाषेंत नव्यानें लिहिलें गेलें आणि कामाप्रमाणें तें २ ते २० पट वेगवान ठरलें. सोपी जुनी प्रतही प्रयोगासाठीं जपून ठेवली आहे.

यावरून सर्वच कांहीं सी भाषेंत लिहावें असें मात्र ठरत नाहीं. महिन्यांतून एकदां चालणाऱ्या कामासाठीं तेवढे कष्ट घेणें हा अपव्ययच होय. मोडी लिहिणारा कारकूनही चुकला नव्हता. त्याच्या काळीं कचेरींत वाचणारे सारे मोडी जाणत, आणि पत्र घेऊन जाणारा जासूद दाराशीं खोळंबलेला असे. प्रश्न एवढाच कीं, एखादी गोष्ट एकदां लिहिली जाऊन किती वेळां वाचली जाणार? जेथें वाचणारे पुष्कळ, तेथें लिहिणारानें अधिक श्रम सोसावे. आज गांवोगांवच्या नोंदी संगणकांत उतरत आहेत. त्या उतरविणारांनीं शंभर वर्षांनंतरचा वाचक ध्यानांत ठेवावा, एवढीच विनंति.