रिकाम्या खिशाची वाट

विनोबांच्या पदयात्रेचा इतिहास बहुतेक जण पोचमपल्लीपासून सांगतात. मी तो पवनारपासून सांगते, कारण माझ्या मते यात्रेचं मूळ धाम नदीकाठच्या त्या आश्रमात आहे. १९५० साली विनोबांनी तिथे, परंधाम आश्रमात, कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, स्वतः राबून पिकेल त्यावर जगायचं. बैलसुद्धा नकोत, कुदळीने खणायचं आणि विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवायचा. पंचावन्न वर्षांचे, पोटाच्या जुन्या दुखण्याने वाळलेले विनोबा स्वतः खणत होते.

अशात हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरलं. विनोबांचं जायचं मन नव्हतं. सहकारी फारच धरून बसल्यावर ते म्हणाले, येतो, पण पायी. पैसाच सोडलेल्या माणसाला आगगाडीचं तिकीट कुठून सुचणार? ८ मार्च १९५१ रोजी ते पवनारहून निघाले आणि सुमारे ३०० मैल चालून महिन्याभराने शिवरामपल्लीला पोचले. संमेलनानंतर त्यांनी तेलंगणाच्या खेड्यांची वाट धरली. तो मुलूख पेटलेला होता. कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, रात्री बंदूकवाले येत आणि दिवसा पोलीस. नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत १८ एप्रिलला दलित वस्तीतल्या ४० कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली, निम्मी ओलिताची, निम्मी कोरडवाहू. विनोबांपाशी काय होतं? त्यांनी गावालाच विचारलं, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले, मी १०० एकर देतो. तेलंगणातल्या ५१ दिवसांत १२ हजार एकरांवर जमीन अशी दान म्हणून मिळाली, हेच भूदान. पुढे विनोबा जमीनवाल्यांच्या दारात हक्काने म्हणू लागले: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या.

माझे बाबा १९५०च्या दशकात वर्धा जिल्ह्यात भूदानासाठी गावोगाव हिंडले. विनोबांबरोबर नव्हे, असे तिघे-चौघे कार्यकर्ते मिळून निघत, दानपत्रांचे कोरे कागद आणि अंगावरच्या जोडीशिवाय एक धोतर घेऊन. आजी शिदोरी बांधून द्यायची, ती बाबा परत तिच्या हातात ठेवायचे. ते सांगत, शिदोरी असली की माणूस गावाबाहेर झाडाखाली बसून खातो आणि गाव त्याला लांबूनच बघतं. शिदोरी नसली की कुणाच्या तरी ओसरीवर बसावंच लागतं. तिथे भाकर येते, अंबाडीची भाजी येते, आणि जेवता जेवता घरधनी आपण होऊन सांगू लागतो की कुणाचं शेत सावकाराकडे गेलं, कुणाची विहीर आटली, कोण पोरगा नागपूरच्या गिरणीत गेला. सभेत जे कुणी बोलत नाही ते ताटावर बोललं जातं. बाबा मांगवाड्यातही जेवत आणि पाटलाच्या वाड्यावरही, आणि तेच पाटील मग विचारत, काल कुठे मुक्काम होता? उत्तर ऐकून एखादा गप्प होई, एखादा उठून आत जाई. त्यांच्या वहीत त्यांनी गावाच्या नावापुढे जेवू घालणाऱ्या बाईचं नाव लिहिलेलं आहे, नवऱ्याचं नव्हे. मला ती वही भूदानाच्या कुठल्याही अहवालाहून मोलाची वाटते.

जमिनीचं पुढे काय झालं हेही सांगायलाच हवं. विनोबांनी ५ कोटी एकर मागितले होते. देशभरात ४० लाखांवर एकर मिळाले. जगात दुसरीकडे कुठे मागून एवढी जमीन मिळाल्याचं मला माहीत नाही. पण त्यातली पुष्कळशी मुरमाड, डोंगरउताराची, कोर्टकज्ज्यात अडकलेली होती. काही दानपत्रं पटवाऱ्याच्या दप्तरापर्यंत पोचलीच नाहीत, आणि फार मोठा भाग भूमिहीनांच्या हातात कधी पडला नाही. बाबांना याचा शेवटपर्यंत संताप होता. ते म्हणत, मागणारे खूप मिळाले, मोजणी करून ताबा देणारे कमी पडले. तो संताप मला योग्य वाटतो.

पण रिकाम्या खिशाने चालण्याची रीत जमिनीपुरती उरली नाही. १९६१ साली ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांना एकोणनव्वदाव्या वर्षी अण्वस्त्रांविरुद्धच्या सत्याग्रहासाठी तुरुंगात टाकलं, ही बातमी बंगळूरमध्ये दोन तरुणांनी वाचली. सतीश कुमार हे राजस्थानचे, नवव्या वर्षी जैन मुनी झालेले आणि अठराव्या वर्षी मुनिवेश सोडून विनोबांच्या कामात आलेले. दुसरे केरळचे ई. पी. मेनन. तेव्हा अण्वस्त्रं असलेल्या चारही देशांच्या राजधान्यांत चालत जायचं त्यांनी ठरवलं आणि ते विनोबांच्या भेटीला गेले. विनोबांनी दोन गोष्टी सांगितल्या: मांसाहार करू नका आणि जवळ पैसा ठेवू नका. पैसा असेल तर दमलेला माणूस सरळ खानावळीत शिरेल आणि त्याला कुणाशी बोलायची गरजच पडणार नाही, असं त्यामागचं कारण होतं.

१ जून १९६२ रोजी ते दोघे दिल्लीच्या राजघाटावरून निघाले. पाकिस्तानच्या सीमेवर एक मैत्रीण खाण्याची पुडकी घेऊन आली, काळजीनेच. सतीश कुमारांनी ती घेतली नाहीत. ती घेणं म्हणजे पलीकडच्या माणसांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या हातात परत गेलेली शिदोरी आठवली. खैबर खिंड, अफगाणिस्तान, इराण, मग कॉकेशस. भाषा बदलत गेल्या, जेवण मिळत गेलं. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या दोन बायकांनी त्यांना चार पुडे दिले, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनच्या प्रमुखांसाठी एकेक. निरोप असा होता की बॉम्बचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी थांबून हा चहा प्यावा. पॅरिसमध्ये त्यांना कोठडीत राहावं लागलं. ब्रिटनमध्ये रसेल भेटले, त्यांच्या मदतीने अटलांटिक ओलांडायची बोटीची तिकिटं मिळाली. वॉशिंग्टनला ते पोचले तोवर राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला होता. ते त्यांच्या थडग्यापाशी जाऊन आले, आणि मग जपानला जाऊन टोकियोपासून हिरोशिमापर्यंत चालले.