अर्ध्या अंड्याचा हिशेब

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका दोऱ्यापासून सुरुवात करून. गोधडी शिवायचा साधा पांढरा दोरा. माझी आजी उकडलेलं अंडं सोलून डाव्या तळहातावर धरायची, दोऱ्याचं एक टोक दातांत पकडायची, दुसरं उजव्या हातात, आणि अलगद अंड्याचे दोन सारखे भाग करायची. विळीने कापलं तर बलक चुरतो आणि विळीलाच चिकटून राहतो. दोऱ्याने कणभरही वाया जात नाही. आम्ही भावंडं पाच आणि अंडी तीन. पाच अर्धी आमच्या ताटांत, सहावं अर्धं आजोबांच्या. आजीच्या ताटात नुसता रस्सा.

कोंबड्या मात्र सगळ्या आजीच्या होत्या! दारात सात कोंबड्या असताना अंडं अर्धंच का, आणि जिच्या कोंबड्या तिला तेही का नाही, हे विचारायचं त्या वयात आम्हाला सुचलं नाही. आज त्याचंच उत्तर शोधू या.

पहिली गोष्ट अशी, की अंडं हे आपल्या घरी खाण्यासाठी नव्हतंच मुळी. गावरान कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. मग तिच्याखाली अंडी ठेवायची आणि २१ दिवस वाट पाहायची. आठवड्याने आजी एकेक अंडं रात्री कंदिलासमोर धरून पाहत असे. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलं. काहीच दिसलं नाही तर ते अंडं बाजूला. निघालेल्या पिल्लांतली काही घार नेई, काही मुंगूस. उरलेली वाढली म्हणजे दारची शिल्लक.

बाकीची अंडी टोपलीत, कोंड्यात नीट रचून बाजारला जात. शेतातल्या धान्याचा हिशेब आजोबांकडे. अंड्याचे पैसे मात्र आजीच्या लुगड्याच्या गाठीत. त्यातून नातवाची पाटी यायची, बांगड्या भरल्या जायच्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं निघायचं. घरात अंडं खाल्लं म्हणजे गाठीतला पैसा खाल्ला! म्हणून ते मिळायचं तापातून उठलेल्या पोराला, नाहीतर अवचित आलेल्या पाहुण्याला.

या काटकसरीतूनच आपलं स्वयंपाकघर घडलं, बरं का. दोन अंड्यांत बेसन, कांदा, मिरची घालून तव्यावर पोळी केली की चार माणसांचं भागे. वाटणाचा रस्सा खळखळ उकळू लागला की अंडं थेट त्यातच फोडून सोडायचं. रस्सा दाट होई आणि प्रत्येकाच्या भाकरीला चव येई. ज्या घरी जुन्या माणसांना चालत नसे, तिथे परसात तीन दगडांची वेगळी चूल आणि वेगळं पातेलं असे. श्रावणात तर पातेलं पालथंच!

हा विधिनिषेध जुना आहे. रानकोंबडीची पाळीव कोंबडी झाली ती आग्नेय आशियात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात थायलंडमधल्या बान नॉन वाट येथील हाडं तपासली गेली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातली ठरली. भातशेतीत सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने हा रानपक्षी माणसाजवळ आला असावा, असं ते संशोधक मांडतात. आपल्याकडे मनुस्मृतीने गावकोंबडा निषिद्ध ठरवला. सुमारे १०३० साली अल् बेरूनीने हिंदूंच्या वर्ज्य पदार्थांची यादी दिली, तीत पाळीव कोंबडी आहे आणि सर्व प्रकारची अंडीही आहेत. पण पोथी एकीकडे आणि खुराडं दुसरीकडे. गावोगावी कष्टकऱ्यांच्या दारात कोंबडी राहिलीच.

पुढे काळ पालटला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली पांढरी लेगहॉर्न कोंबडी आली. निवडीतून सुधारलेल्या तिच्या जाती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, आणि ती सहसा खुडूक होत नाही. पण तिला मापाचं खाद्य हवं, लस हवी, शेड हवी, म्हणजेच भांडवल हवं. भाव व्यापारी ठरवणार आणि कोंबडीवाला तोटा सोसणार, अशी गत झाली, तेव्हा डॉ. बी. व्ही. राव यांनी उत्पादकांना एकत्र केलं आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तिचं मुख्य ठाणं पुण्यात. अंडं मुबलक झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्याचा पैसा लुगड्याच्या गाठीतून सुटला, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

त्याच पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना, १९४२ साली गांधीजींनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिलं. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा जो दूध घेतो त्याला असं अंडं घ्यायला हरकत नसावी, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. ते स्वतः शाकाहारी होते, हे ध्यानात घ्या.

गुरुजनहो, आता गोष्ट तुमच्या शाळेच्या पडवीत येते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. तमिळनाडूने १९८९ सालीच शाळेच्या जेवणात अंडं दिलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी वेगळा सरकारी पैसा मिळणार नाही, लोकसहभागातून करावं, असा निर्णय झाला. ज्या गावात लोकसहभाग द्यायची ऐपत आहे तिथल्या पोरांना अंडं बहुधा घरीही मिळतं. ज्या वाडीत ऐपत नाही तिथल्याच पोराला ते हवं असतं. म्हणजे हिशेब पुन्हा अर्ध्या अंड्यावर आला!

एक करून पाहा. वर्गातल्या मुलांना सांगा, घरी जाऊन आजीला विचारा: तुझ्या लहानपणी अंडं कोणाला मिळायचं? कोंबड्या कोणाच्या होत्या? पैसे कोण ठेवायचं? मुलं जे लिहून आणतील तो तुमच्या गावचा इतिहास असेल, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडायचा नाही.

आणि श्रोतेहो, आज रात्री घरी अंड्याचं कालवण असेल तर एवढंच करा. वाढणारीच्या ताटात काय पडलं, ते आधी पाहा.