कॉफी निवडणाऱ्या बायका

'निवडणे' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो आणि साडीही निवडतो. तांदळात नको ते काढून टाकायचे असते, साडीत हवे ते उचलायचे असते. कॉफीच्या इतिहासात ही दोन कामे फार काळ वेगवेगळ्या हातांत होती. काळी, किडकी, फुटकी बी वेचून टाकायची ती बायकांनी. आणि कोणती कॉफी चांगली, तिला भाव काय द्यायचा, हे चव घेऊन ठरवायचे ते पुरुषांनी.

आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'स्पेशालिटी कॉफी' लिहिलेली पाकिटे दिसतात. पाव किलोला पाचशे रुपयांच्या आसपास किंमत पाहून आपण ती परत जागेवर ठेवतो. हे काहीतरी मोठ्या लोकांचे फॅड असणार, असे वाटते. पण हा शब्द ज्या बाईने रूढ केला ती एका ऑफिसात सेक्रेटरी होती. तिची गोष्ट आज सांगायची आहे, आणि तिच्याआधीच्या एका गृहिणीचीही.

आधी बी कुठून येते ते पाहू. कॉफीचे फळ बोराएवढे, पिकल्यावर लाल. आत बहुधा दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लागलेल्या. कधी एकच गोल बी असते, तिला पीबेरी म्हणतात. गर काढून किंवा फळ तसेच वाळवून, टरफल काढून बिया प्रतवारीसाठी येतात. कर्नाटक-केरळातल्या कॉफी कारखान्यांत ही निवडणी वर्षानुवर्षे बायकांनी हाताने केली. जर्मनीत हॅम्बर्ग बंदराच्या गोदामांतही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रांगेने बसून बिया वेचणाऱ्या बायकाच होत्या. आता बरेच काम रंग ओळखणारी यंत्रे करतात. पण या कामाला हलके समजू नका. एखादी आंबलेली बी दळणात गेली तर अख्खी किटली बिघडते. आज स्पेशालिटी दर्जा देताना कच्च्या बियांचा ३५० ग्रॅमचा नमुना तपासतात आणि त्यात काळी किंवा आंबट अशी मोठी दोषाची एकही बी चालत नाही. म्हणजे दर्जाचा पाया निवडणाऱ्या बोटांवरच आहे. त्या बोटांच्या मालकिणींना तो कप चाखायला किती वेळा मिळाला असेल, हा प्रश्न मात्र कुठल्या प्रतवारीत येत नाही.

आता ती गृहिणी. १९०८ साल, जर्मनीतले ड्रेस्डेन शहर. मेलिटा बेंट्झ ही पस्तिशीची, मुलेबाळे असलेली बाई. त्या काळी घरोघर कॉफी उकळत किंवा कापडातून गाळत. उकळली की कडू व्हायची, तळाशी चोथा राहायचा, आणि गाळायचे फडके धुता धुता जीव जायचा. मेलिटाने एका पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली. मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढून त्यात बसवला. त्यावर कॉफीची पूड घातली आणि वरून गरम पाणी ओतले. खाली उतरली ती स्वच्छ, चोथा नसलेली कॉफी. फडके धुण्याचेही काम संपले, कागद चोथ्यासकट टाकून द्यायचा.

अशा युक्त्या आपल्या स्वयंपाकघरांतही रोज निघतात आणि तिथेच राहतात. मेलिटाने मात्र ती बर्लिनच्या पेटंट कार्यालयात जून १९०८ मध्ये स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने कंपनी नोंदवली, भांडवल किती तर ७३ फेनिश. शंभर फेनिशांचा एक मार्क, म्हणजे पुरता एक मार्कही नाही. नवरा ह्यूगो आणि मुले मदतीला. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत बाराशेहून जास्त गाळण्या विकल्या गेल्या. मग पहिले महायुद्ध आले. धातू युद्धाकडे गेला, कागदावर रेशन आले, नवरा सैन्यात. तिने पुठ्ठ्याची खोकी विकून दिवस काढले आणि युद्धानंतर धंदा पुन्हा उभा केला. पुढे कामगारांना दिवाळी बोनससारखा नाताळचा बोनस दिला, वर्षाची रजा सहा दिवसांवरून पंधरा दिवस केली. शंकूच्या आकाराची कागदी गाळणी १९३० च्या दशकात आली. आज कॉफीची हौस असलेले लोक ज्या पद्धतीने वरून पाणी ओततात ती मुळात हीच, घरच्या वैतागातून निघालेली.

कॉफी करण्याची पद्धत अशी बाईने सुधारली. बी कोणती घ्यायची हे ठरवण्याची खोली मात्र अजून बंदच होती.

एर्ना नुटसन नॉर्वेत १९२१ साली जन्मली आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेली. १९६८ साली, सत्तेचाळिशीच्या आसपास, ती सॅन फ्रान्सिस्कोत कॉफी आयात करणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली. अशा कंपनीत चाखण्याची एक वेगळी खोली असते. तिथे एकाच मापाच्या कपांत पूड घालून वर गरम पाणी ओततात, वर आलेली साय चमच्याने मोडून वास घेतात, मग चमच्याने कॉफी जोरात भुरकून जिभेवर पसरवतात आणि थुंकून टाकतात. एर्नालाही हे शिकायचे होते. तिथल्या पुरुषांना बाई त्या खोलीत नको होती. तिला काही वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात तिने एक गोष्ट हेरली. मोठे व्यापारी कॉफी जहाजातल्या कंटेनरच्या हिशेबाने घेत, एकेका कंटेनरमध्ये अडीचशे-तीनशे पोती. उत्तम पण थोडी असलेली कॉफी या हिशेबात बसेना. दुसरीकडे गावोगाव छोटे भाजणारे होते, त्यांना चांगली कॉफी हवी होती पण दहा-वीस पोतीच परवडत. एर्नाने ही थोडकी पोती त्या छोट्यांना विकायला सुरुवात केली. अखेर ती त्या खोलीत शिरली, चाखायला शिकली आणि त्यात नाव काढले.

१९७४ साली चहा-कॉफीच्या व्यापारावरच्या एका मासिकात तिची मुलाखत आली. तीत तिने आपल्या या निवडक बियांना 'स्पेशालिटी कॉफी' म्हटले. चार वर्षांनी फ्रान्समधल्या एका परिषदेत तिने त्याचा अर्थ मांडला: विशिष्ट जागेची माती, उंची आणि हवा बीला स्वतःची अशी चव देते, ती चव राखली पाहिजे. आपल्याला यात नवल वाटू नये. आंबेमोहोर आणि इंद्रायणीत फरक आहे, देवगडच्या हापूसचे नाव देवगडवर आहे, हे कुणी आपल्याला शिकवावे लागत नाही. पण कॉफीच्या बाजारात तेव्हा ही वेगळी गोष्ट होती. १९८५ मध्ये एर्नाची स्वतःच्या नावाची कंपनी झाली. मला विचाराल तर तिच्या शब्दापेक्षा तिची ती दहा-वीस पोती मोठी. शब्द नंतर सगळ्यांनीच वापरला, पण छोट्या गिऱ्हाइकाची गरज तिने आधी ओळखली.

आता आपल्याकडे येऊ. बाबा बुदान यांनी अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा तुम्ही ऐकली असेल. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पण चवीच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९४२. युद्धामुळे निर्यात अडली, बागायतदार अडचणीत आले, तेव्हा कायदा होऊन देशातली कॉफी कॉफी बोर्डाकडे गोळा होऊ लागली. बागायतदाराला प्रतीनुसार पैसे मिळत आणि सगळ्यांचा माल एकत्र विकला जाई. लहान शेतकऱ्याला त्याचा आधार झाला हे खरेच. पण एखाद्याने जीव ओतून केलेली कॉफी दुसऱ्याच्या पोत्यात मिसळून जाई आणि तिचे नावगाव पुसले जाई. हे बंधन १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने उठले, १९९६ पर्यंत. त्यानंतरच आपल्या पाकिटावर बागेचे नाव येऊ शकले.

त्या बोर्डातच एक बाई चाखणारी होती. सुनालिनी मेनन यांना आशियातल्या पहिल्या व्यावसायिक महिला कॉफी-परीक्षक म्हणून ओळखतात. बोर्डात वीसहून अधिक वर्षे काम करून त्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि नंतर त्यांनी बंगळूरूत स्वतःची चाचणी प्रयोगशाळा काढली. त्यांच्या चमच्याने सांगितलेले दोष आणि गुण ऐकून अनेक बागायतदारांनी आपली पद्धत बदलली.

आता तुमच्या हातातले पाकीट. पुढचे चित्र सोडा, मागची बाजू वाचा. भाजल्याची तारीख आहे का? भाजून महिना-दीड महिन्याच्या आतले घ्या. बागेचे किंवा निदान भागाचे नाव आहे का? 'चिकोरी'ची टक्केवारी छापणे कायद्याने लागते, ती पाहा. मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे निम्मे पैसे तुम्ही एका मुळाच्या भाजलेल्या पुडीला देत असाल. चिकोरी वाईट नव्हे, पण ती कॉफी नाही. आपल्याकडच्या प्रतींत 'प्लांटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका, 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. धुतलेली चवीला स्वच्छ, थोडी आंबूस. फळासकट वाळवलेली गोडसर, भरीव. 'मॉन्सून्ड मलबार' ही पावसाळी वारा देऊन फुगवलेली, आंबटपणा जवळजवळ नाही, म्हणून दुधाला बरी पडते. किंमत जास्त वाटली तर १०० ग्रॅम मागा. पुष्कळ भाजणारे देतात. आणि शक्यतो अख्ख्या बिया घ्या, पूड लवकर शिळी होते. घरचा मिक्सर थांबून थांबून फिरवला तर काम भागते. जाड रव्यासारखी दळा, पीठ करू नका.

गाळणी नसेल तर चहाच्या मोठ्या गाळणीत मलमलचा तुकडा चालतो, मात्र त्याला साबणाचा वास नको. १५ ग्रॅम पूड, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे, आणि पाव लिटर पाणी. पाणी उकळू द्या, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी पूड भिजेल इतकेच पाणी ओता आणि तीस आकडे मोजा. ताज्या कॉफीवर बुडबुडे येऊन ती फुगते, भाजताना आत अडकलेला वायू बाहेर पडत असतो. फुगली नाही तर दुकानदाराला तारीख विचारा. मग उरलेले पाणी थोडे थोडे, गोल फिरवत. तीन मिनिटांत झाली पाहिजे. फार कडू लागली तर पुढच्या वेळी जरा जाड दळा, पांचट आंबट लागली तर जरा बारीक. चहासारखी उकळू तेवढी नका.

जायफळाचे काय, असे एकीने चिठ्ठीत विचारले आहे. आपली जायफळ किसून केलेली दुधाची कॉफी चिकोरीच्या पुडीवर छानच लागते, ती सोडायचे कारण नाही. पण बागेचे नाव असलेली कॉफी आणलीत, तर आधी दोन घोट नुसते, बिनदुधाचे, बिनसाखरेचे घ्या. काय लागले ते आम्हाला कळवा. लिंबाची साल, गूळ, काजूफळ, ओली माती, जे आठवेल ते.